जामीनदाराचं अधिकारपत्र असलं तर पळालेला आरोपी आपण धरून आणू शकतो का? आणि माझ्या कष्टाच्या पैशाचं काय?

माग_काढणारा
नमस्कार मंडळी. लांबलचक होणार आहे पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला कळणार नाही म्हणून पहिल्यापासनं सांगतो.

मी अकरा वर्षं सीझिंगच्या लाइनमध्ये आहे, म्हणजे हप्ते थकलेल्या गाड्या शोधायच्या आणि फायनान्सच्या यार्डात लावायच्या. कुठल्या एजन्सीचा पगारी माणूस नाही, ज्याची फाईल मिळंल त्याची करायची, गाडी यार्डात लागली की कमिशन, नाही लागली तर पेट्रोल आपलं. त्यातपण माझं खरं काम माग काढायचं. तावडे हॉटेलपास्नं कागलपर्यंत कुठल्या बोळात कुठली गाडी ताडपत्री टाकून ठेवल्या ते मी शोधतो, ओढायला दुसरी पोरं जातात.

दोन महिन्यांमागं माझ्या पार्टनरकडं (कागदोपत्री पार्टनर नाही, सात वर्षं एकत्र काम करतोय म्हणून पार्टनर म्हणायचं) कागल तालुक्यातला एक पोरगा आला. त्याच्या वडलांनी गावातल्याच एकाला जामीन दिलेला. फसवणुकीची केस, जुनी ४२० ची. तो गडी ओळीनं तीन तारखा गेलाच नाही, कोर्टानं नॉन-बेलेबल वॉरंट काढलं आणि इकडं म्हाताऱ्याला नोटीस, की बाँडचे एक लाख तुमच्याकडनं का वसूल करू नयेत. बाँडला सातबारा लावलेला, एकच एकर ऊस आहे त्यांचा. पोरगा रडकुंडीला आलेला. म्हणाला कसंपण करा आणि माणूस कोर्टात उभा करा, चाळीस हजार देतो. पाचशेच्या स्टॅम्पवर अधिकारपत्र करून आणलं, 'जामीनदार या नात्याने सदर इसमास ताब्यात घेऊन मे. कोर्टात हजर करण्याचे अधिकार' वगैरे, खाली म्हाताऱ्याचा अंगठा, दोन साक्षीदार, नोटरीचा लाल शिक्का. शिक्का बघून मला वाटलं कागद पक्का आहे. गाडीला बँकेचं लेटर असतं तसं हे माणसाचं लेटर.

चार दिवस मी निपाणीत, म्हणजे कर्नाटकात, काढले. गड्याचा मोबाईल बंद, बायकोचा बंद. पण त्याची मोटारसायकल मला माहीत होती, पुढची नंबर प्लेट मोडलेली आणि टाकीवर ज्योतिबाचं स्टिकर अर्धं फाटलेलं. चौथ्या दिवशी संध्याकाळी ती एका तंबाखूच्या वखारीच्या भिंतीला टेकवलेली दिसली. सहाला वखारीतनं बायका सुटल्या, त्यांच्या मागनं हा आला, तोंडाला टॉवेल. डावा पाय जरा ओढत चालतो तो, त्यावरनं ओळखला. मागं मागं जाऊन खोली बघून आलो, फोटो काढला, लाईव्ह लोकेशन पार्टनरला टाकलं आणि कोल्हापूरला परत आलो. माझं काम तिथं संपलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला पार्टनर तीन पोरं घेऊन बोलेरोनं गेला, त्याला खोलीतनं उचलला, कोगनोळीवरनं इकडं आणला, कोर्ट उघडायला वेळ होता म्हणून उचगावजवळ एका खोलीत दहा वाजेपर्यंत बसवून ठेवला आणि अकराला कसबा बावड्याला कोर्टात नेऊन उभा केला. कोर्टानं त्याला कस्टडीत घेतलं, कळंब्याच्या जेलात रवानगी झाली. म्हाताऱ्याच्या पोरानं चाळीस हजार मोजले पार्टनरच्या हातात.

आता भांडण. ठरलं होतं निम्मं निम्मं. पार्टनर म्हणतोय तू फक्त फोटो पाठवलास, जोखीम माझी, पाच हजार घे. वरनं इचलकरंजीचा एक जण उगवलाय, तो म्हणतोय की त्या पोरानं ही फाईल आधी मला दिलेली, मी आठ दिवस फिरलोय, माझा वाटा ठेवा. आणि परवा त्या गड्याच्या बायकोनं निपाणीत तक्रार दिली, नवऱ्याला मारून पळवून नेलं म्हणून. पार्टनरला फोन आला, त्यानं माझं नाव घेतलं.

मला तीन गोष्टी सांगा. ते अधिकारपत्र चालतं का. माझे राहिलेले पंधरा हजार वकिलाची नोटीस देऊन मिळतील का. आणि मी तर पहाटे घरात झोपलेलो, मी अडकतो का?

बिनधास्त_मंगळवार_पेठ
भावा घाबरू नकोस. जामीनदार म्हणजे कोर्टानं त्या माणसाची राखण ज्याच्याकडं दिली तो. ज्याच्या ताब्यात दिलाय तो धरून आणू शकत नाही तर कोण आणणार? अमेरिकेत तर हेच काम करणारी माणसं असतात, दार तोडून आत जातात, पोलीस काय बोलत नाहीत. आणि कोर्टानं स्वतः त्याला आत टाकला म्हणजे तुमचं काम बरोबरच होतं की. पैशाची नोटीस आजच काढ, सरळ २० हजार माग, पार्टनर गप्प देतोय बघ.

कसबा_बावडा_वकील
वरचा सल्ला कृपा करून पाळू नका. विशेषतः नोटीस. ती आज काढू नका, उद्याही नको. का ते सांगतो.

आधी अधिकारपत्राचं. जामीनदाराकडे आरोपीला धरण्याचा अधिकारच नाही, त्यामुळे तो तुम्हाला देण्याचाही प्रश्न येत नाही. स्वतःजवळ नाही ते दुसऱ्याला कसं देणार, मग स्टॅम्प पाचशेचा असो नाहीतर पाच हजारांचा. नोटरीचा शिक्का एवढंच सांगतो की सही किंवा अंगठा त्या माणसाचा आहे, आतला मजकूर कायदेशीर आहे असं तो सांगत नाही. आपल्याकडे जामीनदाराला कायद्यानं काय दिलंय तर अर्ज. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम ४८९, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ४४४. मजकूर जवळपास तोच. जामीनदार कधीही मॅजिस्ट्रेटकडे जाऊन म्हणू शकतो की मला या जामीनकीतून मोकळं करा. असा अर्ज आला की मॅजिस्ट्रेटनं आरोपीला आणण्यासाठी वॉरंट काढायचंच असतं, माणूस आला की जामीनदार मोकळा आणि आरोपीनं दुसरा जामीनदार द्यायचा, नाही दिला तर आत. म्हाताऱ्यांनी पहिली तारीख चुकली त्याच आठवड्यात हा अर्ज दिला असता तर लाखाची नोटीस येण्यापर्यंत गोष्ट गेली नसती. हे गावोगाव कुणीतरी सांगायला पाहिजे, मी दर महिन्याला असा एक तरी म्हातारा कोर्टाच्या आवारात बघतो, पिशवीत सातबारा घेऊन बसलेला.

आता खाजगी माणूस कुणाला धरू शकतो. कलम ४०, जुनं ४३. तुमच्या डोळ्यादेखत कुणी दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा केला तर, किंवा तो माणूस 'घोषित अपराधी' असेल तर. धरल्यावर विलंब न करता, आणि नव्या कायद्यानं फार तर सहा तासांत, पोलिसांच्या हवाली करायचा. तुमचा गडी यात बसतो का? तुमच्यासमोर त्यानं काही केलं नाही. नॉन-बेलेबल वॉरंट निघालं म्हणजे माणूस घोषित अपराधी झाला असं लोकांना वाटतं, तसं नसतं. त्यासाठी कोर्टाचं वेगळं जाहीरनाम्याचं कलम आहे, नवीन ८४, आणि घोषित अपराधी ठरवायला आता गुन्हा दहा वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेचा लागतो. ४२० ला सात वर्षं. म्हणजे त्या वाटेनंही दार बंद.

वॉरंट पोलीस सोडून दुसऱ्या माणसाच्या नावानं काढायची सोय कायद्यात आहे, कलम ७४ आणि ७५. पण ते कोर्टानं ठरवायचं, वॉरंटवर त्या माणसाचं नाव पाहिजे. तुमच्या पार्टनरचं नाव होतं का? नसणारच.

मग पहाटे साडेपाचला जे झालं त्याला कायदा काय म्हणतो? बळजबरीनं माणसाला एका जागेवरून हलवणं म्हणजे अपनयन, आणि कोंडून ठेवायच्या हेतूनं केलं की न्याय संहितेचं (जुन्या आयपीसीच्या जागी आलेला कायदा) १४०(३), सात वर्षांपर्यंत. उचगावच्या खोलीत दहापर्यंत बसवला ते १२७(२). मारलं असेल तर त्याचं वेगळं. कोर्टानं आरोपीला कस्टडीत घेतलं ते वॉरंट होतं म्हणून, त्याला आणायची पद्धत बरोबर होती असा शिक्का त्यानं बसत नाही.

तुम्ही घरात झोपला होता हे खरं, पण तुमच्या फोनमधून फोटो आणि लोकेशन गेलंय आणि पुढं काय होणार हे तुम्हाला माहीत होतं. समान इरादा ३(५), कट ६१(२), ही कलमं अशाच माणसासाठी आहेत. चॅट डिलीट करू नका, दोन्ही बाजूंनी अंगाशी येईल. ताबडतोब फौजदारीतला वकील गाठा. गुन्हा कर्नाटकात नोंदला तरी तुम्हाला इथल्या कोर्टातून थोड्या मुदतीचा अटकपूर्व जामीन मिळू शकतो, सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रिया इंदोरिया प्रकरणात ते स्पष्ट केलंय, त्या मुदतीत बेळगाव जिल्ह्याच्या सत्र न्यायालयात मूळ अर्ज टाकायचा. आणि सत्र न्यायालयात नाही झालं तरी आता मुंबईच्या वाऱ्या कराव्या लागत नाहीत, १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच आपल्याच गावात, भाऊसिंगजी रोडला बसतंय.

पैसे शेवटी. १८७२ चा करार कायदा, कलम २३: ज्या कराराचा उद्देश बेकायदा तो करार रद्दबातल. 'माणूस उचलून आणा, चाळीस हजार' हा करार कोर्टात उभाच राहत नाही, आणि त्यातली तुमची निम्म्याची बोलीही त्याच्यासोबत पडते. माग काढायचे वेगळे पैसे ठरले असते, की पत्ता शोधून द्या अमुक हजार, पुढचं आम्ही पोलिसांना सांगू, तर त्या भागासाठी मी तुमच्या बाजूनं भांडलो असतो. कुणाचा पत्ता शोधणं हा काही गुन्हा नाही. पण तुमचं सगळं एकाच आकड्यात आहे.

म्हणून नोटीस नको म्हणतो. नोटिशीत तुम्ही काय लिहिणार? 'आपण दोघांनी मिळून सदर इसमास आणण्याचे ठरले व माझा निम्मा वाटा.' हा तुमच्याच सहीचा कबुलीजबाब झाला, तपास अधिकाऱ्याला आयता. पैशाच्या दाव्याला तीन वर्षं मुदत असते, घाई काही नाही. आणि 'पार्टनर' म्हणताय, भागीदारी नोंदलेली नसेल तर करारावरून दावा लावायलाही १९३२ च्या भागीदारी कायद्याचं कलम ६९ आडवं येतं.

यार्डवाला_इचलकरंजी
वकील साहेबांनी कायदा सांगितला, मी लाइनचं सांगतो, एकवीस वर्षं झाली मला.

मित्रा तुझी चूक एका ठिकाणी झाली आणि ती तू स्वतःच लिहिलीयस, गाडीला लेटर असतं तसं माणसाचं लेटर. गाडीवर फायनान्सचा बोजा असतो. कर्ज घेताना त्या माणसानं स्वतः सही केलेली असते की हप्ता थकला तर गाडी न्या, म्हणून आपल्याला एजन्सीचं लेटर मिळतं, आधी पोलीस स्टेशनला इंटिमेशन द्यायची, मग गाडी, मग परत इंटिमेशन, इन्व्हेंटरीवर म्हणजे गाडीतल्या सामानाच्या यादीवर सही. एवढं असूनसुद्धा धाकदपटशा केला की संपलं. सुप्रीम कोर्टानं २००७ साली प्रकाश कौरच्या निकालात बँकांना ठणकावलंय की वसुलीला गुंड पाठवायचे नाहीत, कायद्यानंच जायचं. रिझर्व्ह बँकेनं २०२२ च्या ऑगस्टमध्ये सांगितलं सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीसाठी फोन नाही. डीआरएचं, म्हणजे वसुली एजंटचं, सर्टिफिकेट काढायला शंभर तासांचं ट्रेनिंग, ग्रॅज्युएटला पन्नास. हे सगळं लोखंडाच्या गाडीसाठी! आणि इथं जिता माणूस, पहाटे साडेपाचला, राज्याच्या हद्दीबाहेरनं. तुमच्यापैकी एकाला तरी निपाणीच्या स्टेशनला आधी कळवावं असं वाटायला पाहिजे होतं. तुझ्याकडं पत्ता होता, फोटो होता, वॉरंट होतं. ते वॉरंट भारतात कुठंपण बजावता येतं. पत्ता लिहून पोलिसांना दिला असता तर गडी कायद्यानं आत गेला असता आणि म्हाताऱ्याची जमीनपण सुटली असती.

दुसरं, फाईल दोघांना दिल्याचं. ही कीड आमच्याकडंपण आहे. मागं एकदा शिरोली नाक्यावर एकाच टेम्पोवर दोन एजन्सीची पोरं येऊन उभी राहिली, दोघांकडं लेटर, दोघांचीपण तारीख चालू. मारामारी व्हायची बाकी राहिलेली. शेवटी यार्डाच्या गेटवरच्या रजिस्टरनं निकाल लागला, गाडी आत घेताना कुणाच्या इन्व्हेंटरीवर ड्रायव्हरची सही आहे ते बघितलं, पहिली वेळ ९.४० ची होती, त्याला कमिशन मिळालं. दुसऱ्यानं माग काढलेला तीन दिवस, त्याला काय नाही. मला त्या पोराचं लय वाईट वाटलं, खरं काम त्याचंच होतं. तेव्हापास्नं मी माझ्या पोरांसंगं एका पानावर लिहून घेतो, माग काढणाऱ्याचं किती, ओढणाऱ्याचं किती, यार्डापर्यंतचं डिझेल कुणाचं, आणि पार्टीनं हीच फाईल दुसऱ्याला दिली नाही असं पार्टीकडनं लिहून. व्हॉट्सॲपवर नाही, कागदावर.

तुझ्या पार्टनरचं 'तू फक्त फोटो पाठवलास' हे ऐकून डोकं फिरलं. चार दिवस वखारीच्या दारात उभं राहून चालीवरनं माणूस ओळखणं ह्याला फक्त फोटो म्हणत असंल तर त्याला ह्या धंद्यातलं काय कळत नाही. पण तरीपण सांगतो, ते पैसे सोड. त्या पैशाला हात लावलास की तू त्या बोलेरोत बसलास.

मूळ_शाहूपुरी
मी बारा वर्षं नॉर्थ कॅरोलायनात राहतोय, अमेरिकेचं उदाहरण वर आलंय म्हणून लिहितो, कारण तिकडचं ऐकून इकडं कुणी आपलं आयुष्य खराब करून घेऊ नये.

इथं जामीन हा धंदा आहे हे खरं. आरोपी बाँड कंपनीला साधारण दहा टक्के रक्कम देतो, ती परत मिळत नाही, आणि कंपनी कोर्टाला पूर्ण रकमेची हमी देते. माणूस पळाला की कंपनीचे पैसे जाणार म्हणून ती शोधायला माणसं पाठवते. त्यांच्या अधिकारासाठी सगळे १८७२ च्या टेलर विरुद्ध टेंटर या निकालाचा दाखला देतात, जामीनदार आरोपीला कुठंही, दुसऱ्या राज्यातसुद्धा जाऊन धरू शकतो असं त्यात लिहिलंय. पण त्या खटल्यात झालं काय ते कुणी सांगत नाही. आरोपी कनेक्टिकटमध्ये आठ हजार डॉलरच्या जामिनावर सुटला, न्यूयॉर्कला गेला, तिथून त्याला तिसऱ्याच राज्यात, मेनमध्ये, दुसऱ्या गुन्ह्यासाठी धरून नेलं. तो तारखेला येऊ शकला नाही आणि जामीनदार पैसे हरले. ज्या निकालावर हा सगळा धंदा उभा आहे त्यात जामीनदाराच्याच खिशाला कात्री लागली होती.

आणि आज तर राज्याराज्यात वेगळं आहे. केंटकी, इलिनॉय, ओरेगन, विस्कॉन्सिन या राज्यांत पैसे घेऊन जामीन द्यायचा धंदाच बंद आहे, केंटकीत १९७६ पासून. फ्लोरिडात बाँड एजंटचं लायसन नसेल तर धरायला जाताच येत नाही. टेक्सासमध्ये पोलीस अधिकारी, लायसनवाला खाजगी डिटेक्टिव्ह किंवा कमिशन्ड सुरक्षा अधिकारी लागतो. आमच्या नॉर्थ कॅरोलायनात अशा माणसाला रनर म्हणतात, त्याला लायसन लागतं आणि तो एकाच बाँड्समनचं काम करू शकतो, आज याचं उद्या त्याचं असं चालत नाही. म्हणजे तुमच्यासारखा मोकळा काम करणारा इथंही या राज्यात बेकायदाच ठरला असता. कॅलिफोर्नियात धरायच्या आधी सहा तासांच्या आत स्थानिक पोलिसांना कळवावं लागतं. वकील साहेबांनी आपल्याकडचे सहा तास सांगितले ते धरल्यानंतरचे, इथले आधीचे, आकडा एकच आला म्हणून मला लक्षात राहिलं.

हद्दीचं तर फारच जपून. १९८१ मध्ये फ्लोरिडात जामिनावर सुटलेला एक माणूस दोघांनी कॅनडात टोरंटोतून उचलून आणला. त्यांच्या हिशोबानं ते अगदी कायदेशीर होते. कॅनडानं अपहरणाचा गुन्हा लावून त्या दोघांना मागून घेतलं आणि अमेरिकेच्या कोर्टानं त्यांना पाठवायला मंजुरी दिली. तुमचं निपाणी वाचून मला तेच आठवलं.

गडहिंग्लजची_लेक
मी या धंद्यातली नाही पण जामीनदाराची मुलगी आहे म्हणून लिहिते.

आमच्या अण्णांनी त्यांच्या जुन्या सालगड्याच्या मुलाला जामीन दिला होता, पंचवीस हजारांचा. तो पुण्याला गेला आणि तारखा बुडवायला लागला. नोटीस आली त्या दिवशी अण्णा जेवले नाहीत. सातबारा काढून कॉटवर पसरून बसले, इतर हक्काच्या रकान्यावर बोट ठेवून मला विचारत होते इथं आता कोर्टाचं नाव लागणार का गं. तेव्हा आम्हालाही असाच एक जण भेटला होता, दहा हजार द्या दोन दिवसांत आणतो म्हणाला. अण्णांनी त्याला चहा पाजला आणि नको म्हणाले, त्या पोराला मी शाळेत सोडायला जात होतो, त्याला कुणी मारलेलं मला चालणार नाही.

मग आम्ही वकील केला, कोर्टात जाऊन अण्णांनी स्वतः सांगितलं की साहेब मला मुदत द्या, तो कुठं कामाला आहे ते मी शोधतो. दोन तारखा मिळाल्या. माझ्या मामेभावानं पिंपरीच्या एका गॅरेजचा पत्ता काढला, आम्ही तो लेखी अर्जानं दिला, पोलीस जाऊन घेऊन आले. आणि वकिलांनी दंड कमी करायचा अर्ज दिला, कोर्टाला तो अधिकार असतो, काही भाग माफ करता येतो. पंचवीसातले पाच हजार भरायला लागले. अण्णांच्या सातबाऱ्यावर काही लागलं नाही.

तुम्ही त्या म्हाताऱ्यांना एकदा भेटा असं मला वाटतं. त्यांचा अंगठा त्या कागदावर आहे, म्हणजे आता तेही त्या तक्रारीत येतील ना? एक लाख वाचवायला गेले आणि काय होऊन बसलं.

कसबा_बावडा_वकील
ताई, हो, येऊ शकतात. अधिकारपत्रावरूनच पहिला प्रश्न त्यांना विचारला जाईल. दंडकपातीचा तुमचा मुद्दा अगदी बरोबर, ते कलम ४९१ चं पोटकलम ३, जुनं ४४६(३). आरोपी आता कस्टडीत आहे, त्यामुळे त्या शेतकऱ्यांनी तो अर्ज लगेच द्यावा, कारणं लिहून कोर्ट काही भाग सोडू शकतं. नाहीतर दंड भरला नाही आणि जप्तीतूनही वसूल झाला नाही तर सहा महिन्यांपर्यंत दिवाणी तुरुंगाची तरतूद आहे, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसणार. चाळीस हजार पार्टनरला देऊन ते लाखाच्या नोटिशीतून सुटले असं त्यांना वाटत असेल, पण आरोपी आला म्हणून नोटीस आपोआप जात नाही.

बिनधास्त_मंगळवार_पेठ
वकील साहेब माझं चुकलं, मला जामीनदाराला अधिकार असतोय असंच वाटत होतं, आमच्या गल्लीत सगळे असंच बोलतात. माग काढणारा भावा, माझं ऐकून नोटीस काढली नसशील तर बरं. एक विचारायचं होतं साहेब, मी स्वतः मागच्या वर्षी चुलत भावाला जामीन राहिलोय, रेशन कार्ड आणि घराचं प्रॉपर्टी कार्ड लावलंय. तो अजून तारखांना जातोय. मला आत्ताच मोकळं होता येतं का, का तो पळायची वाट बघायला लागते?

कसबा_बावडा_वकील
वाट बघायची काही गरज नाही. कलमात 'कधीही' असाच शब्द आहे. फक्त अर्ज दिला की भावावर वॉरंट निघणार हे लक्षात ठेवा, म्हणून आधी त्याला सांगा, दुसरा जामीनदार तयार ठेवायला लावा, आणि तारखेच्या दिवशीच तो कोर्टात हजर असताना अर्ज द्या, म्हणजे त्याला आत जावं लागणार नाही.

माग_काढणारा
सगळ्यांचे मनापासनं आभार. नोटीस काढली नाही. मसुदा लिहून ठेवलेला, फाडला.

काल फौजदारीच्या वकिलांकडं गेलो, फोन त्यांच्यासमोर ठेवला, काय डिलीट केलेलं नाही. अटकपूर्वचं ते बघतायत, सोमवारी इथं अर्ज पडंल. मी त्यांना सरळ विचारलं की मी माग काढून पत्ता पोलिसांना दिला असता तर? ते म्हणाले मग आज तू माझ्याकडं आला नसतास.

यार्डवाला दादा, तुम्ही चालीवरनं ओळखल्याचं लिहिलंय ते वाचून बरं वाटलं, अकरा वर्षांत कुणी म्हणालं नव्हतं. पैसे सोडले. पार्टनरला एकच मेसेज केला की मला त्यातलं काय नको, तो निळा झालाय पण उत्तर नाही. सात वर्षांत आम्ही एका ताटात जेवलोय, त्याचं जास्त लागलंय मला.

वाटा मागणाऱ्या त्या इचलकरंजीच्या गड्याला फोन करून सांगितलं की बाबा ह्यात वाटा मागू नकोस, मागितलास तर तुझंपण नाव येईल. तो आधी भांडला, मग गप्प झाला, मग म्हणाला बरं झालं सांगितलंस.

ताई, आज दुपारी म्हाताऱ्यांकडं जाऊन आलो. अंगणात बसलेले, मला बघून पोराला हाक मारली चहा टाक म्हणून. दंड कमी करायच्या अर्जाचं कागदावर लिहून दिलं, कलम ४९१(३), तारीख, आणि बावड्याच्या वकिलांना भेटा म्हणून. त्यांना वाचता येत नाही, पोरगा मोठ्यानं वाचत होता आणि ते मान हलवत होते. निघताना म्हणाले, तो निपाणीला वखारीत कामाला होता होय, मग त्याच्या पोरांचं आता कोण बघतंय? मला उत्तर देता आलं नाही.